गुडघ्यांचा नवस

"फातिमाला गुडघ्यांवर तू चालायचंस, माझ्याऐवजी," आई म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली.

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, सुरी खाली ठेवली नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फातिमा म्हणजे पोर्तुगालमधलं मातेचं तीर्थ, नवस फेडायला लोक तिथे गुडघ्यांवर चालत जातात. रविवारची दुपार होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते आणि बार्सिलोनाहून माद्रिदला जाणारी गाडी सकाळची घ्यावी की जेवणानंतरची, या सुखाच्या प्रश्नात गढले होते. मागच्या अंगणात माझा नवरा वॉरन कोंबडी भाजायला कोळसे फुलवत होता, त्याचा धूर जाळीच्या दारातून आत येत होता. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. पीटरशम या आमच्या उपनगरात विमानं छपरांवरूनच उतरतात. ती गेल्याशिवाय एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून इथली माणसं वाक्याच्या मधोमध थांबतात आणि आवाज विरला की जिथे सोडलं तिथून पुढे बोलायला लागतात. आम्ही दोघीही थांबलो. माझ्या टेबलाखालच्या गुडघ्यांना आधी कळलं, मला नंतर. ते आपोआप एकमेकांना चिकटले.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"कान फुटलेत का? माझे गुडघे आता माझे राहिलेत कुठे, दोन्ही लोखंडाचे. जमिनीला टेकायचे नाहीत म्हणून डॉक्टरने बजावलंय. मी फादरना विचारलं. ते म्हणाले, आईने बोललेला नवस मुलीने फेडला तरी मातेला पोचतो."

"आणि मुलाने फेडला तर नाही पोचत?"

"नोर्बेर्तोला कुठे सवड आहे गं! त्याच्या मागे सतरा कामं."

नोर्बेर्तो माझा धाकटा भाऊ. नवस त्याच्यासाठीच बोललेला. तो गोल्ड कोस्टला घरं विकतो, पांढरे बूट घालतो, नाताळला फोन करतो आणि तोही गाडी चालवता चालवता, म्हणजे बोगद्यात फोन तुटला की आईचा निरोप घ्यायला नको. सतरा कामं म्हणे! आणि मी काय इथे माशा मारत बसते? आईच्या गोळ्या, आईचे गुडघे, आईचा दंतवैद्य, आईला मासे आणायला घेऊन जायचं आणि तिने तिथे कोळ्याशी पोर्तुगीजमध्ये भांडायचं, तो बिचारा व्हिएतनामी. हे सगळं मी करते ते कुणी सांगितलं म्हणून नाही. कुणी सांगितलंच नाही, हेच तर दुखणं आहे. मुलगी असली की सांगावं लागत नाही. ती हाताशी असतेच, नळाला पाणी असतं तशी.

हा प्रवास माझा होता. इतकी वर्षं मी तो मनात घोळवला होता. आयुष्यभर लोक मला विचारत आले, "तू पोर्तुगीज ना?" आणि मी हो म्हणत आले, आणि तो देश मी पाहिलेला नाही. आधी स्पेन, कारण स्पेनमध्ये माझं कुणीच नाही, तिथे मला नुसतं माणूस म्हणून हिंडता येईल. बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिल. मग बसने सीमा ओलांडायची, तिथे घड्याळ एक तास मागे जातं, हे मला फार आवडलं होतं. फुकटचा एक तास. मग रेल्वेने वर वर सरकत लिस्बन, कोइंब्रा, पोर्तो. वॉरन म्हणाला होता, "गाडी भाड्याने घेऊ या की. डिओलिंडाला सोपं जाईल." हा माणूस सासूला नावाने हाक मारतो आणि तिला माझ्याहून जास्त जीव लावतो. त्यानेच तिला परस्पर आमंत्रण दिलं होतं, मला न विचारता. तेव्हा आई ढसाढसा रडली होती. मला वाटलं, गाव पाहायला मिळणार म्हणून रडतेय. मी गाडीला साफ नाही म्हटलं. म्हटलं, रेल्वे आणि बस, तिथले लोक जातात तसं जायचं, नाहीतर मी येत नाही. कारण मला ठाऊक होतं, गाडी घेतली की आई पुढच्या सीटवर बसणार आणि नुसत्या तोंडाने स्टिअरिंग फिरवणार. इकडे वळ रे वॉरन, तिकडे माझ्या चुलत बहिणीची नणंद राहते, त्या चर्चपाशी जरा थांब. रेल्वे कुणाचं ऐकत नाही. रेल्वेला आई नसते.

"तू गप्प का?" आई म्हणाली. "एवढा काय विचार करतेस? गुळगुळीत संगमरवराची वाट आहे ती. टीव्हीवर दाखवतात ना दरवर्षी. सगळे जातात. चांगल्या चांगल्या घरच्या बायका जातात."

"मी बोललेच नव्हते नवस."

"तू बोलायची गरजच काय? मी बोलले ना."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला हसू आलं. आई वाईट बाई असती तर किती बरं झालं असतं. वाईट बाईवर माणूस मनसोक्त चिडू शकतो. ही दहा घरच्या फरशा पुसून आम्हाला वाढवलेली, कुणाचं वाकडं न चिंतणारी, मेलेल्या शेजाऱ्याच्या मांजरीला दूध घालणारी. आणि तिला खरोखर वाटत होतं की यात विचारण्यासारखं काही नाही. माझ्या पायांवर तिची सही चालते.

ती रात्र मला जशीच्या तशी आठवते. मी नऊ वर्षांची, नोर्बेर्तो चार. बाबा फरशा बसवायला वुलाँगाँगला गेलेले, त्यांना कळवायचं कसं तेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. आईला इंग्रजी म्हणजे गुड मॉर्निंग, थँक यू आणि हाउ मच. इस्पितळाच्या पॅसेजमध्ये लाल दाढीचा डॉक्टर आमच्यापाशी आला, त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता. तो म्हणाला, आईला सांग, जंतू मेंदूपर्यंत पोचलेत. आजची रात्र वाईट आहे. आम्ही जे करता येईल ते करतोय, पण तो जाऊ शकतो. हे तिला कळायला हवं, तू नीट सांगशील ना? मी नीट सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, वर्गात कविता म्हणतात तसं सावकाश, हात मागे बांधून सांगितलं. आणि ते सांगत असताना आई माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांत नव्हे, तोंडाकडे. पुढचा शब्द तिथून बाहेर पडेल म्हणून. त्याआधी आणि त्यानंतर आईने माझ्याकडे इतकं कधीही बघितलेलं नाही. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण लाज वाटत नाही: मला ते आवडलं. माझा भाऊ आत मरत होता आणि मला वाटत होतं, डॉक्टरने अजून थोडं बोलावं.

मग ती तिथेच, चकचकीत पुसलेल्या जमिनीवर, गुडघे टेकून बसली. माझ्या मुलाला वाचव, मी तुझ्या दारी गुडघ्यांवर येईन, म्हणाली. आणि तिचा हात चाचपडत माझ्या पाठीकडे आला आणि त्याने माझी वेणी धरली. "आणि हिची वेणी देईन." आमच्याकडे मुलींचे केस नवसाला देतात, त्यात काही विशेष नाही, माझ्या आजीनेही दिले होते. पण माझे केस कमरेच्या खाली जात होते आणि माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. दुसऱ्या सकाळी, नोर्बेर्तोचा ताप अजून उतरलेलासुद्धा नव्हता, तिने मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि कोंबडी कापायच्या कात्रीने कराकरा वेणी कापली. कात्रीला चरबीचा वास होता. वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून, पोर्तुगालला चाललेल्या एका शेजारणीबरोबर धाडून दिली. शाळेत मुली म्हणाल्या, हिला उवा झाल्या होत्या, आणि माझ्या शेजारी कुणी बसेना. नोर्बेर्तो वाचला. घरी आला तेव्हा अख्ख्या गल्लीने केक आणले. माझ्या डोक्याकडे बघून एक बाई म्हणाली, "किती गं नशीबवान तू, भावाच्या उपयोगी पडलीस."

माझ्या वाटणीचं असं त्याच आठवड्यात फेडलं गेलं. आईच्या वाटणीचं राहिलं. आधी पैसे नव्हते, मग विमानाची भीती, मग बाबा आजारी, मग बाबा गेले, मग गुडघे. आणि नवस तुंबत गेला. तिच्या गावाकडे म्हणतात, नवस न फेडता मेलेल्या बाईचा जीव वर जात नाही, तो उंबऱ्याशी येऊन बसतो आणि घरातल्यांना नावाने हाका मारतो. आई हे खरं मानते, विजेचं बिल खरं असतं तितकं खरं. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेआधी तिने माझा हात गच्च धरून विचारलं होतं, "मी टेबलावरच गेले तर माझं काय गं होईल?" मला वाटलं, मरणाला भ्याली. ती मरणाला नव्हती भ्याली, ती मातेला भ्याली होती. एवढी म्हातारी बाई, आणि दार वाजलं की वसुलीवाला आला असावा तशी दचकते. मी हे सगळं बघितलंय. मला तिची दया येते. पण दया एका खोलीत असते आणि राग दुसऱ्या खोलीत, आणि माझ्या घरात या दोन खोल्यांच्या मधे दार नाही.

तिने सुरी ठेवली, हात पुसले, चष्मा लावला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या अंगाला लसणाचा आणि गुडघ्यांच्या मलमाचा वास. "दाखव बघू नकाशा," म्हणाली. मी दाखवला. तिचं बोट पडद्यावरून लिस्बनपासून वर सरकायला लागलं. पोर्तुगालचा नकाशा पाहताना तिचा चेहरा एकदम शाळेतल्या मुलीसारखा झाला, ओठ हलत होते. आणि बोट थांबलं.

"हे काय! फातिमा. स्टेशनच आहे की! रेल्वे जाते!"

आता हे सांगायला हवं. त्या स्टेशनाची मला आधीच माहिती होती. आठवड्यापूर्वीच मी ते सगळं वाचून काढलं होतं, कारण मला भीती होतीच की आज ना उद्या ती फातिमाचं नाव काढणार. नाव फातिमा असलं तरी ते स्टेशन मातेच्या दारापासून वीस किलोमीटर लांब आहे, पाइनच्या झाडांत. पूर्वी भाविक तिथे उतरायचे म्हणून ते नाव, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. आता धिम्या गाड्या थांबतात, एखाददुसरं माणूस उतरतं. ज्यांना खरोखर जायचं असतं ते लिस्बनहून बसने जातात, सरळ, आरामात. मला हे सगळं तोंडपाठ होतं. तिला एवढंच म्हणायचं होतं: आई, ते स्टेशन लांब आहे.

"हो," मी म्हणाले. "थेट स्टेशनच आहे."

"दारातच?"

"दारातच म्हण ना."

"बघ! आणि मला वाटत होतं तू मुद्दाम गाडी नको म्हणतेस."

तोंडातून खोटं निघालं आणि अंगभर कसं गार वाटलं, उन्हातून येऊन फरशीवर पाय ठेवावा तसं. मी एका वृद्धाश्रमात कामवाल्यांच्या पाळ्या लावते. माणसाला ताटकळत ठेवणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. पहिल्यांदा माणूस चिडतं, मग चौकशा करतं, मग उगाच पर्समधलं सामान नीट लावत बसतं, आणि मग एकदम लहान होतं. मी तो प्लॅटफॉर्म डोळ्यांसमोर आणला. आई उतरतेय, वॉरन तिला हात देतोय. तिने काळे बूट घातलेत, चर्चला जायचे. हातात तिच्या उंचीची मेणबत्ती, ती तिने लिस्बनमध्येच हट्टाने घेतलेली. गाडी निघून जाते. समोर झाडं. मागे झाडं. वेटिंग रूमला कुलूप. "कुठे आहे गं चर्चचा मनोरा?" ती विचारते. मी म्हणते, "असेल इथेच कुठेतरी, आई, बघ ना." आणि ती बघते. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मेणबत्ती उन्हात वाकायला लागते. मी बाकावर बसून पाय लांब करते, माझे पाय, माझे गुडघे, आणि पुढच्या गाडीची वाट बघते. मी हे इतक्या बारकाईने बघत होते की आई शेजारी बसून फोन लावतेय हेसुद्धा माझ्या उशिरा लक्षात आलं.

"झुल्मिरा? अगं मी. ऐक, आम्ही चाललो! होय, फातिमाला! मुलगी नेतेय. रेल्वेने, थेट दारात. आणि ती माझ्याऐवजी गुडघ्यांवर जातेय, तिनेच तर म्हटलं... हो ना गं, सोन्यासारखी पोर. नोर्बेर्तोचं काय, तो बिचारा कामात. नाही नाही, मुलगीच ती, मुलगीच कामाला येते शेवटी."

तिनेच तर म्हटलं! झुल्मिरा आईची मैत्रीण, तिला सांगितलं म्हणजे रात्रीपर्यंत सगळ्या वस्तीला कळणार, आणि पुढच्या रविवारी चर्चबाहेर बायका माझे हात हातात घेणार. आई खोटं बोलत नव्हती. तिच्या डोक्यात ते तसं घडून गेलेलं होतं. तिने फोन ठेवला आणि माझ्या गालाला हात लावला, बटाट्याच्या स्टार्चने खरखरीत झालेला. मी तिकिटं शोधायला लागले. लिस्बनहून फातिमा, मग फातिमाहून कोइंब्रा. मधे भलामोठा वेळ पडत होता. मी आणखी मोठा निवडला.

तेवढ्यात बिआंका आली. माझी मुलगी, यंदा शाळेचं शेवटचं वर्ष. रविवारी ती कोपऱ्यावरच्या केकच्या दुकानात काम करते आणि उरलेले कस्टर्ड टार्ट घेऊन येते. डोक्याची एक बाजू तिने हौसेने भादरून घेतलीय. मी पाहिलं त्या दिवशी मला ओकारी आली होती आणि का ते मी तिला सांगू शकले नव्हते. तिने आजीला मिठी मारली, टेबलावर खोकं ठेवलं, माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावली.

"अय्या, आजी, फातिमा नक्की झालं?"

"झालं तर! स्टेशनच आहे तिथे. तुझ्या आईने शोधलं."

बिआंकाचे अंगठे फोनवर पळायला लागले. या पोरांना समोरचं काही पाहायचं असलं तरी आधी फोनमध्ये बघायला लागतं. मी मनात म्हटलं, बघू नकोस. मग म्हटलं, बघेना का.

"आई!" ती खदखदून हसली. "हे स्टेशन वीस किलोमीटर लांब आहे! बाप रे, आजीला जंगलात सोडून आली असतीस तू! अख्ख्या वृद्धाश्रमाच्या पाळ्या लावते आणि स्वतःच्या आईचं स्टेशन चुकवते, हद्द झाली. अगं बस आहे की लिस्बनहून, ही बघ, सरळ दारात."

विमान आलं. आम्ही तिघी थांबलो. आई माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, आणि विमान जाईपर्यंत तिला सगळं कळलेलं होतं. तिला फोनवरचं इंग्रजी वाचता येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो.

"तुझ्या आईचं चुकत नाही कधी," ती बिआंकाला म्हणाली. अगदी शांतपणे. "लहानपणापासून नाही. तिला जायचं नाहीये गुडघ्यांवर, म्हणून तिने तसं केलं."

"गुडघ्यांवर?" बिआंका म्हणाली. "कुणी जायचंय गुडघ्यांवर?"

आणि आईने सांगितलं. सगळं सांगितलं: मामाचा ताप, ती रात्र, नवस, लोखंडाचे गुडघे, उंबऱ्याशी बसणारा जीव. माझ्या वेणीबद्दल नाही सांगितलं. विसरली म्हणून नव्हे. ते तिला सांगण्यासारखं वाटलं नाही. बिआंकाचे डोळे भरून आले. ती आजीच्या खुर्चीपाशी खाली बसली, जमिनीवर, आणि तिने दोन्ही हात आजीच्या त्या लोखंडी गुडघ्यांवर ठेवले.

"मी जाईन ना आजी. त्यात काय! मी जाते तुझ्यासाठी. सिरियसली. मला आवडेल."

"बघ," आई म्हणाली. माझ्याकडे नाही, बिआंकाच्या अर्ध्या भादरलेल्या डोक्याकडे बघून. तिचा हात त्या डोक्यावर गेला आणि उरलेल्या लांब केसांतून खाली खाली फिरत राहिला. "बघ, ही कशी लगेच हो म्हणाली. हीच माझी खरी पोर."

मला त्या क्षणी काय झालं ते मी नीट सांगू शकते. मला आईचा खून करावासा वाटला. मला दिसलं, माझी मुलगी त्या संगमरवरावर, जीन्स फाटलेली, गुडघ्यांना रक्त, आणि बाजूने आई काठी टेकत चाललीय आणि म्हणतेय, थोडंच राहिलं, राणी. नोर्बेर्तोसाठी. पांढऱ्या बुटांसाठी. मी नाही म्हटलं तर बिआंका ऐकणार नव्हती, ती माझी आहे, तिला नाही म्हटलं की ती ते करतेच. मी स्वतः जाते म्हटलं असतं तर आई जिंकली असती, आणि वर बिआंकाही माझ्या शेजारी हौसेने गुडघे टेकून आली असती. रागावून, रडून, समजावून काही होणार नव्हतं. नवस होता तोवर कुणीतरी मुलगी तो फेडणारच होती. म्हणजे नवसच नाहीसा करायला हवा होता.

"तो मरणार नव्हता," मी म्हणाले.

"कोण?"

"नोर्बेर्तो. डॉक्टर तसं म्हणालाच नव्हता." माझा आवाज मला परका वाटला नाही. तो माझाच होता, सावकाश, हात मागे बांधलेला. "डॉक्टर म्हणाला होता, साधा ताप आहे, कानाला सूज आहे, दोन दिवसांत घरी न्या. मी तुला वेगळं सांगितलं."

आईचा हात बिआंकाच्या केसांत थांबला.

"का?"

"तू माझ्याकडे बघावंस म्हणून."

आणि हे एवढंच एक वाक्य त्यात खरं होतं, म्हणूनच की काय, बाकीचंही खरं वाटलं. खोटं बोलताना एक खरं घालावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांत नव्हे, तोंडाकडे. पुढचा शब्द बाहेर यायची वाट बघत. मी पुढचा शब्द दिला नाही. पंधरा मिनिटांपूर्वी मी तिला रानातल्या स्टेशनावर उतरवायला निघाले होते आणि तिने ते ओळखलं होतं. आता तिचा माझ्याबद्दल कशावरही विश्वास बसणं भाग होतं. मी बघितलं, तो बसला. चेहऱ्यावरून काहीतरी सावकाश उतरून गेलं, इतकी वर्षं भिंतीवर असलेली तसबीर काढल्यावर मागचा रंग दिसतो तसा तिचा चेहरा दिसायला लागला.

"आई," बिआंका उठून उभी राहिली. "हे खरं आहे?"

आता तरी परत फिरता आलं असतं. पोरीने मला ती संधी स्वच्छ दिली होती, डोळे मोठे करून, माझ्या बाजूने. "खरं आहे," मी म्हणाले.

बिआंका माझ्याकडे बघत दोन पावलं मागे गेली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. फार मोठा, घाणेरडा आनंद, पोटातून येणारा. फेडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ना तिला, ना मला, ना या पोरीला. आईला मी मोकळं केलं, असंही मनाशी म्हणून पाहिलं. आता तिने खुशाल मरावं, उंबऱ्याशी बसायची गरज नाही. मी तिच्यावर उपकारच केले. हे वाक्य मनात तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा ते जरा बरं वाटलं.

आई माझ्यावर ओरडली नाही, तिने हात उगारला नाही, मी त्याची वाट बघत होते. ती उठली, टेबलाची कड धरून, आधी एक लोखंडी गुडघा आणि मग दुसरा सरळ करत, आणि बटाट्यांपाशी जाऊन उभी राहिली. सोललेल्या बटाट्यांवर तपकिरी डाग पडायला लागले होते. तिने नळ सोडला. पाण्याकडे बघत, मला नाही, बिआंकाला नाही, ती म्हणाली, "मग इतकी वर्षं मी आभार कुणाचे मानत होते?"

तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. रोज सकाळी उठल्या उठल्या, रोज रात्री दिवा मालवताना, फरशा पुसताना, बाबांच्या शवपेटीशी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर. एकटी बाई कुणाशी तरी बोलत आली होती आणि पलीकडे कुणीतरी होतं, कारण त्या रात्री कुणीतरी ऐकलं होतं. आता कुणी ऐकलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं. आई, डॉक्टर म्हणाला होता. आई, लाल दाढीचा, पेपरमिंटच्या वासाचा, तो म्हणाला होता. पण आता मी काहीही म्हटलं असतं तरी ते माझ्याच तोंडातून येणार होतं.

जाळीचं दार उघडून वॉरन आत आला, हातात भाजलेल्या कोंबडीचा ट्रे, चेहरा धुराने लाल. त्याने आमच्याकडे पाहिलं, पण त्याला काहीच दिसलं नाही, देवाने त्याला तशी दृष्टी दिलीय. ट्रे ठेवून, बोटं चाटून तो उत्साहात म्हणाला, "काय मग डिओलिंडा, फातिमाचं ठरलं का? कितवा दिवस ठेवायचा?"

आईने नळ बंद केला.

"नको," ती म्हणाली. "तिथे आपलं कुणी नाही."

आणि तिने त्याच्यासाठी ताट घ्यायला फडताळ उघडलं.